मंजूर अभ्यासातून माघार घेतल्याबद्दल

चिकोवी गाव, तळ्याकाठ
मका सोलण्याचे दिवस, मंगळवार

ती. लायटोनीमामांना,

भाची एनिफा हिने गुडघे टेकून आणि तळहात हळूच वाजवून केलेला नमस्कार पोहोचावा. तुम्ही बरे उठला असाल तर आम्हीही बरे उठलो. (कागदावर गुडघे दिसत नाहीत म्हणून मुद्दाम सांगते, की हे लिहिताना मी खरोखरच चटईवर गुडघे टेकले आहेत. आता पायाला मुंग्या आल्या, तेव्हा पुढचं मांडी घालून लिहिते. तेवढं न पाहिल्यासारखं करा.) तुमचा गुडघा कसा आहे? लिलोंग्वेच्या थंडीत तो फार कुरकुरतो, असं मामी म्हणत होत्या. दाढ काढलीत, की तीही समितीच्या पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब ठेवली आहे? वाळवलेली उसिपा मासळी मिळाली का? (पिशवीत वर मोठी आणि खाली बारीक निघाली असेल, तर तो माझा दोष नाही. बसच्या हादऱ्यांनी मासळी आपोआप तशी बसते.) हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला दुसऱ्याच वाक्याला थांबवता आणि पहिलं वाक्य कसं चुकलं ते समजावता. पत्रात मला अडवायला कोणी नाही, म्हणून पत्र.

वि. वि. तुमचं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी तुमच्या आणि दीड पान तक्रारीचं. तक्रारीत अभ्यास घ्यायला आलेल्या मिस्टर न्यिरेंडा यांनी समितीला कळवलं आहे, की चिकोवी गावच्या एनिफा म्वाले या बाईने मंजूर अभ्यासात अडथळा आणला, प्रकल्पाची गाडी अडवली, एका सहभागी बाईला माघार घ्यायला लावली, उरलेल्या अकराजणींना फितवलं आणि गाडीच्या मागच्या आसनाची नासाडी केली. खाली तुमच्या दोन ओळी. ‘तुझ्यामुळे समितीत माझी मान खाली गेली. आठ दिवसांत माफीचं पत्र पाठव आणि बायकांना समजावून परत अभ्यासात आण.’ मामा, तुमचं अक्षर अजून शाळेच्या फळ्यावर होतं तसंच आहे. वाचून मी क्षणभर हात पुढे करून उभी राहिले, छडीसाठी. मग आठवलं, की मी आता बावन्न वर्षांची आहे आणि नुकतीच आजी झाले आहे. तेव्हा हात मागे घेतला. माफी मी मागणार नाही. काय घडलं ते मात्र सांगते, कारण न्यिरेंडांनी सांगितलेलं सगळं खरं आहे आणि तरीही त्यातलं काहीच तसं घडलेलं नाही.

आमच्या गावावर इतके अभ्यास, म्हणजे घरोघरी प्रश्न विचारून कागद भरणं, का होतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तुम्ही इथल्या शाळेचे हेडमास्तर होता तेव्हा पहिल्या अभ्यासवाल्यांना गावाचा नकाशा तुम्हीच काढून दिलात, आणि घरोघरी दारावर आकडे रंगवून घेतले. झालं. एकदा पायवाट पडली की गुरं तिथूनच जातात. माझ्या एका दाराच्या चौकटीवर आता सहा वेगवेगळे आकडे आहेत. मी मच्छरदाणीच्या अभ्यासात एकशे चार आहे, संडासाच्या अभ्यासात सतरा आहे आणि ‘घरात निर्णय कोण घेतं’ या अभ्यासात नऊ. त्या शेवटच्या वेळी मी प्रश्न विचारणाऱ्या पोरीला म्हटलं, की निर्णय मीच घेते, कारण घरात मी आणि कोंबड्या, आणि कोंबड्या ऐकत नाहीत. एका अभ्यासात विचारलं, की नवऱ्याशी आठवड्यातून किती वेळा बोलता? मी म्हटलं, बाई, ते वारून सात वर्षं झाली. तिच्या कागदावर रोज, कधीकधी आणि क्वचित असे तीनच चौकोन होते, तिनं विचार करून क्वचितवर खूण केली. (ते साफ खोटं आहे. मी रोज बोलते, आणि हल्ली ते उलट उत्तर देत नाहीत.)

सगळ्यात मोठा घोटाळा दाण्यांच्या अभ्यासात झाला. त्यात घेवड्याचे दहा दाणे समोर ठेवतात आणि म्हणतात, की पाच वर्षांनी तुम्ही जिवंत असाल असं जितकं वाटतं तितके दाणे बाजूला काढा. मी माझ्या तब्येतीला साजेसे आठ काढले. मुलगी कागदाचं पान उलटेपर्यंत कोंबडीनं त्यातले दोन टिपले. मी म्हटलं, आठ होते. ती म्हणाली, मावशी, चटईवर दिसतील तेवढेच लिहायचे असतात. म्हणजे माझं आयुष्य सरकारदरबारी सहा दाण्यांचं झालं. त्या कोंबडीला आम्ही त्याच रविवारी मक्याच्या न्सिमाबरोबर खाल्लं, तेव्हा माझे दोन दाणे परत माझ्याच पोटात आले असं मी धरून चालले आहे. पण कागदावर ते आले नाहीत, आणि कागद गेला तो गेलाच. आजवर गेलेला एकही कागद परत येऊन, बायांनो, तुमच्या दाण्यांचं असं असं झालं, हे सांगून गेलेला नाही.

तरी मी कधी नाही म्हटलं नाही. दर अभ्यासाला दोन साबणाच्या वड्या देतात, हे एक कारण. (आमच्या गावाइतकं स्वच्छ गाव तळ्याच्या या काठाला दुसरं नाही. पलीकडच्या गावातले लोक लग्नात आमचा वास घ्यायला जवळ बसतात.) पण खरं कारण वेगळं आहे. प्रत्येक अभ्यासवाला आला की आधी गावप्रमुखाच्या अंगणात बसतो आणि मंजुरीचा कागद उघडतो. त्यावर निळा गोल शिक्का असतो आणि शिक्क्याच्या खाली लहान अक्षरांत ‘ला. चि.’ लिहिलेलं असतं. लायटोनी चिसाले. आमचे मामा! तुम्ही निवृत्त होऊन लिलोंग्वेला गेलात, सामान्य माणसांच्या वतीनं अभ्यासांना मंजुरी देणाऱ्या समितीत बसायला लागलात, हे इथे शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे. आता आपल्यात मामानं हो म्हटलं की त्याचा अर्थ काय होतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. लग्नात मामा न्खोस्वे, म्हणजे लग्नाचा जामीन म्हणून मध्ये उभा राहतो, कोंबडीची तंगडी खातो आणि हो म्हणतो. त्या हो चा अर्थ असा, की पुढे मडकं फुटलं तर मला बोलवा. आम्ही शिक्का वाचलाच नाही कधी, मामा. आम्ही ती दोन अक्षरं वाचली आणि अंगठे दिले. तुमच्या समितीला ही आमची चूक वाटत असेल, तर तसंही लिहून कळवा.

आता कुलपाकडे येते. शाळेच्या मागे आपलं आरोग्यकेंद्र आहे. निळं दार, दोन खोल्या, एक खाट, पावसाच्या पाण्याची टाकी. तीन वर्षांपूर्वी नर्स लग्न करून दुसरीकडे गेली त्या महिन्यात त्याला कुलूप लागलं, ते आजतागायत आहे. प्रत्येक अभ्यासात प्रश्न असतोच, की गावात आरोग्यकेंद्र आहे का? आहे. चालत किती वेळ लागतो? दहा मिनिटं. गेल्या खेपेला मी एलुबीला धरलंच. एलुबी म्हणजे न्यिरेंडांच्या हाताखाली प्रश्न विचारणारी पोरगी. गुणी आहे, चटईवर पाय दुमडून नीट बसते. मी म्हटलं, अगं, त्यापुढे लिही ना, की कुलूप आहे. ती पानं पुढे-मागे करून रडवेली झाली आणि म्हणाली, “मावशी, कुलपाचा चौकोनच नाही हो. ‘आहे’चा आहे आणि ‘नाही’चा आहे.” म्हणजे कागदावर आम्हाला दहा मिनिटांवर दवाखाना आहे. कागदावर आम्ही सुखी आहोत. आणि पोट दुखायला लागलं, की आम्ही भाड्याच्या सायकलीच्या मागे बसून वाळूतून एकोणीस किलोमीटर बोमाला, जिल्ह्याच्या गावी, मोठ्या दवाखान्यात जातो.

माझी तियामिके दोन वर्षांपूर्वी तशीच गेली होती. पहिलं बाळंतपण. तुम्हाला तार-फोन सगळं केलं होतं, तेव्हा तपशील सांगितला नव्हता, आता सांगते. अर्ध्या वाटेवर मोठा आंबा आहे, तिथे सायकल थांबवावी लागली. बाळ तिथेच झालं आणि तिथेच गेलं. मी त्याला माझ्या चितेंजेत गुंडाळून घरी आणलं. (ते लुगड्याचं कापड मी अजून धुतलेलं नाही. घरात इतका साबण असून.) त्यानंतर एका अभ्यासात विचारलं होतं, की गेल्या बारा महिन्यांत घरात काही महत्त्वाची घटना घडली का? मी म्हटलं, नाही. सगळंच साबणासाठी सांगायचं नसतं.

तर यंदा तियामिकेला पुन्हा दिवस गेले, आणि त्याच सुमाराला न्यिरेंडांचा अभ्यास आला. विषय असा, की गरोदर बायकांना वेळेवर दवाखान्यात जायला वाहन मिळतं का. मंजूर. निळा शिक्का. ला. चि. न्यिरेंडा उत्तरेकडचे, चकचकीत बूट घालणारे, माणूस वाईट नाही. त्यांनी पाच पानी संमतीपत्र मोठ्यानं वाचलं. भाग घेणं खुशीचं आहे. तुमचं नाव कोणाला कळणार नाही. तुम्हाला थेट फायदा काही नाही, पण ज्ञानात भर पडेल. आणि चौथ्या पानावर, की कोणतंही कारण न देता केव्हाही माघार घेता येईल. बारा बायकांनी अंगठे दिले. तियामिकेनं माझ्याकडे पाहिलं, मी शिक्क्याखालच्या अक्षरांकडे पाहिलं आणि मान हलवली. हे लक्षात ठेवा.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी दुपारी ते तिसऱ्यांदा आले. पांढरी मोठी गाडी माझ्या अंगणात, मक्याच्या राशीशेजारी उभी. ड्रायव्हर मासौको सावलीत ऊस खात होता. एलुबी तियामिकेला प्रश्न विचारत होती आणि सत्तेचाळिसाव्या प्रश्नाला माझ्या लेकीला कळा सुरू झाल्या. सत्तेचाळिसावा प्रश्न कोणता, सांगू? ‘प्रसूतीची वेळ आली तर दवाखान्यात जायला वाहन मिळेल का?’ देवाशपथ, मामा, मी रचून सांगत नाही. एलुबीचं पेन हवेत थांबलं. मी गाडीकडे पाहिलं, पाच पावलांवर होती, आणि म्हटलं, “लिही, हो!”

पण न्यिरेंडा आडवे आले. म्हणाले, मावशी, या गाडीत सहभागी व्यक्तीला बसवता येत नाही, समितीनं मंजूर केलेला नियम आहे. मी विचारलं, का बरं? ते म्हणाले, “आमचा विषयच हा आहे, की बायकांना वाहन मिळतं का. आम्हीच वाहन दिलं तर उत्तर बिघडेल.” हे त्यांनी इतक्या सौम्यपणे सांगितलं, की मला आधी पटलंच. मग तियामिके ओरडली आणि माझं डोकं ठिकाणावर आलं. मी मक्याचं सूप टाकलं, चटई उचलली आणि गाडीच्या पुढच्या चाकासमोर अंथरून बसले. (‘गाडी अडवली’ असं तक्रारीत आहे. गाडी जातच नव्हती. जात नसलेली गाडी कशी अडवणार? मी फक्त तिला आमच्याशिवाय जाऊ देणार नव्हते.) न्यिरेंडा म्हणाले, थांबा, वरिष्ठांना विचारतो. आणि फोन घेऊन वारुळावर चढले, कारण आमच्या गावात फोनला वारुळावरच ऐकू येतं. चकचकीत बूट आणि मोठं वारूळ. दोनदा घसरले. आम्ही खालून बघतोय, आणि माझी लेक चटईवर माझ्या मांडीला नखं रोवून बसली आहे. मामा, मला आंबा दिसत होता. दुसरं काही दिसत नव्हतं.

तेव्हा एलुबी माझ्या शेजारी येऊन बसली, माझ्याकडे न बघता, जमिनीवरचे मक्याचे दाणे वेचत असल्यासारखं करत, आणि हळूच म्हणाली, “मावशी, पान चार.”

मी काही तुमची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी नव्हते, पण इतकं मला कळलं. मी लेकीला म्हटलं, पोरी, म्हण माघार. ती म्हणाली, “आई गं!” मी म्हटलं, ते नको, माघार म्हण. दोन कळांच्या मध्ये तिनं म्हटलं, आणि असं म्हटलं, की वारुळावरचे न्यिरेंडासुद्धा वळले. एलुबीनं माघारीचा कागद काढला. अंगठ्याच्या शाईची डबी वाळून गेली होती, म्हणून मी चुलीवरच्या मडक्याची काजळी घेतली आणि लेकीचा अंगठा उठवला. न्यिरेंडा धावत खाली आले. मी म्हटलं, “साहेब, ही आता तुमची सहभागी नाही. ही कोणीच नाही. कोणीच नसलेल्या बाईला गाडीत बसवू नये असा नियम दाखवा.” त्यांनी पुस्तिका काढली, एक पान उलटलं, परत मागे उलटलं. तेवढ्यात गाडी घुरघुरायला लागली. मासौको आतूनच म्हणाला, “साहेब, नियम शोधा सावकाश, मी नुसतं इंजिन गरम करतोय.” मागचं दारही त्याचं आपोआप उघडलं होतं.

न्यिरेंडांचं एक सांगायला हवं, नाहीतर माझ्या तोंडात किडे पडतील. गाडी वाळूत रुतली तेव्हा पहिले तेच उतरले आणि बुटांसकट ढकलायला लागले, आणि ढकलताना तियामिकेला धीर देत होते. वाटेत तिचं पाणी गेलं, ते आसनावर. ती नासाडी. तेवढी खरी. साबण आमच्याकडे भरपूर आहे, गाडी पाठवा, धुऊन देते. मग तो आंबा आला. मी डोळे मिटून घेतले आणि तुमच्या बहिणीचं, माझ्या आईचं नाव घेत राहिले. डोळे उघडले तेव्हा आंबा मागे गेला होता आणि गाडी थांबली नव्हती. अर्ध्या तासानं बोमाच्या दवाखान्यात, खाटेवर, नर्सच्या हातात मुलगी झाली. न्यिरेंडा व्हरांड्यात बूट हातात घेऊन बसले होते. मला म्हणाले, मावशी, आनंद आहे, पण अशी माघार घेतलीत तर अभ्यासाचा निष्कर्ष कसा निघायचा? मी म्हटलं, निघाला की. दोन किलो नऊशे ग्रॅमचा.

अकराजणींना मी फितवलं नाही. दुसऱ्या दिवशी हापशावर मी नुसतं चौथं पान वाचून दाखवलं. पाणी भरता भरता कोणी वाचून दाखवू नये, असं कुठे लिहिलं आहे का? त्यातल्या तिघी महिन्या-दोन महिन्यांत मोकळ्या होतील, फालेसी तर सगळ्यात आधी. त्यांनी साधा विचार केला, की अभ्यासात राहिलं तर गाडी मिळत नाही आणि बाहेर पडलं तर मिळते. बारापैकी बारा बाहेर. मग गाडीच निघून गेली आणि मिळायचं ते सगळंच गेलं, हे मी कबूल करते. म्हणूनच सांगते, मला माफीचं पत्र लिहायला वेळ नाही. फालेसीचे दिवस भरत आले आहेत आणि निळ्या दाराला कुलूप आहे.

आणि तुमची मान खाली गेली म्हणता? माझ्या लग्नाच्या चौथ्या वर्षी ह्यांनी माझ्यावर हात उगारला होता, तेव्हा तुम्ही भर उन्हात चालत आलात, दाराबाहेर चटई टाकून दोन दिवस बसलात आणि ते माझ्यापुढे गुडघे टेकेपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाहीत. सगळं गाव बघत होतं. तुमची मान त्या दिवशी जितकी वर होती तितकी मी कोणाचीच पाहिली नाही. तुम्हीच तेव्हा म्हणाला होता, की ज्याच्या घरी हो म्हणून कोंबडी खाल्ली, त्याच्या घरी भांडण झालं की उठून जावंच लागतं. आमच्यावरच्या किती अभ्यासांना तुम्ही हो म्हणालात, मामा? किती कोंबड्या झाल्या? बायका परत येतील, मी त्यांना उद्या आणते, पण कागदावर आधी कुलपाचा चौकोन काढा आणि मग कुलूप काढा. त्याआधी चिकोवीतून एक अंगठा मिळणार नाही, साबण द्या नाहीतर साखर द्या. हे तुमच्या समितीत मोठ्यानं वाचलंत तरी चालेल.

मामींना माझा नमस्कार सांगा. लोभ असावा. तो शिक्का मारून पाठवला नाहीत तरी मला मान्य आहे.

तुमची अजून छडीला घाबरणारी भाची,
एनिफा

ता. क. मासळी मिळाली नसेल तर बसच्या कंडक्टरला विचारा. त्याचं तोंड बघून ओळखू येईल.

ता. क. दुसरा. एलुबी सध्या माझ्याकडे आहे. चौथं पान वाचायला सांगितलं म्हणून तिला कोणी काही बोललेलं नाही, सुट्टीत मका सोलायला आली आहे. पण तिच्या अर्ध्या वह्या कोऱ्या राहिल्या म्हणून ती परवा रडली, तेव्हा तिचे एकशे बारा प्रश्न मीच बसून सोडवले. सगळ्यांची उत्तरं दिली. दोन साबणही घेतले. मी मूळ सहभागी नव्हते, तेव्हा ही फितुरी धरू नये. दाणे या वेळी मी दहाही बाजूला काढले आणि कोंबडी टोपलीखाली ठेवली होती.

ता. क. तिसरा, आणि हा मात्र एकटे असताना वाचा. आम्ही बायकांनीही एक अभ्यास केला. मंजुरी घेतली नाही, शिक्षा काय असेल ती कळवा. प्रश्न एकच होता, जो आजवरच्या एकाही अभ्यासात कोणी विचारला नव्हता, की कुलपाची किल्ली कुठे आहे? काल नातीचं वजन करायला बोमाला गेले, तेव्हा आरोग्याच्या कचेरीत कारकुनापुढे बसले आणि उठलेच नाही. त्यानं जुनं रजिस्टर काढलं. मामा, नर्स आमच्यासाठी गेल्याच वर्षी नेमलेली आहे. ती आली होती, कुलूप बघून परत गेली, आणि तिनं पहिल्या नर्सला फोन करून विचारलं. पहिली नर्स जाताना किल्ली रीतसर सही घेऊन देऊन गेली होती. गावात कुलपाचं कपाट एकाच माणसाकडे, म्हणून त्याच्याकडे. बोमानं मग शाळेला दोनदा पत्र लिहिलं, नव्या हेडमास्तरांनी दोनदा उत्तर दिलं, की माझ्या ताब्यात नाही. सरकारी कुलूप, फोडता येत नाही. आणि ज्यानं सही केली तो माणूस त्याच महिन्यात निवृत्त होऊन, कमरेला किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत, लिलोंग्वेला गेला. सही मी स्वतः पाहिली. लहान अक्षरांत. ला. चि.

हे मला पत्र लिहायला बसले तेव्हाच माहीत होतं. पण म्हटलं, आधी माफीबद्दल तुमचं काय म्हणणं आहे ते नीट ऐकून घ्यावं.

जुडग्यात पितळेची, डोक्याला निळी दोरी बांधलेली असेल. समितीत मी बोलणार नाही. भाग घेणाऱ्याचं नाव गुप्त राहील, हे तुमच्याच तिसऱ्या पानावर आहे. फक्त किल्ली बसवाल्याकडे पाठवू नका, मासळीचं काय झालं ते पाहिलंत. स्वतः घेऊन या, शनिवारच्या बसनं. नर्स सोमवारी येते म्हणाली आहे, फालेसी तोपर्यंत धरून बसेन म्हणते, आणि नातीचं नाव ठेवायला मामा लागतो. हे सगळं पत्र मी ज्या चटईवर बसून लिहिलं, ती त्या निळ्या दारासमोर टाकलेली आहे. मी आणि त्या बाराही जणी इथेच आहोत. केव्हाही माघार घेता येते, पण ते आमच्यासाठी लिहिलं आहे. न्खोस्वेला चौथं पान नसतं.